जुन्या पीसीवर गेम अडखळतो, मध्येच पीसी रीस्टार्ट होतो: नवे कार्ड घेण्याआधी काय तपासावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अकोल्यात तुमच्याकडे २०१४ साली जोडून घेतलेला पीसी आहे. त्यात इंटेल कोअर आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅमची एकच पट्टी, १ टीबी हार्ड डिस्क आणि केबिनेटसोबत आलेला ४५० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आहे. जीटीएक्स १०५० टीआय हे ४ जीबीचे ग्राफिक्स कार्ड नंतर बसवलेले आहे. जीटीए फाइव्हची मूळ आवृत्ती सुरू केली की पहिली पंधरा-वीस मिनिटे ती सुरळीत चालते, मग चित्र अडखळू लागते, आणि अधूनमधून अख्खा पीसी क्षणात बंद होऊन पुन्हा सुरू होतो. उन्हाळ्यात त्रास वाढतो. दुकानदाराने ग्राफिक्स कार्ड बदलायला सांगितले आहे. ते बदलावे का, असे तुम्ही विचारले आहे.

माझे उत्तर असे की कार्डासाठी एक रुपयाही इतक्यात खर्च करू नका. जुन्या पीसीच्या तक्रारीत दोन निराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक बिघाड, म्हणजे जे पूर्वी नीट चालत होते ते आता चालत नाही. आणि दुसरी मर्यादा, म्हणजे जे या यंत्राला कधीच झेपणारे नव्हते. बिघाड दुरुस्त करायचा असतो आणि मर्यादेवर भाग बदलायचा असतो. हा क्रम उलटा केला की नवे कार्डही जुन्याच रोगट यंत्रात जाऊन बसते आणि त्रास जसाच्या तसा राहतो. तुमच्या बाबतीत बिघाडाचा संशय घ्यायला भक्कम कारण आहे. एप्रिल २०१५ मध्ये हा गेम पीसीवर आला, तेव्हा निर्मात्यांनी त्यासाठी आय५-३४७० प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि २ जीबीचे जीटीएक्स ६६० कार्ड अशी शिफारस केली होती. तुमचा प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही त्यापेक्षा सरस आहेत. त्यामुळे १०८० पी वर मध्यम ते उंच सेटिंगमध्ये हा गेम तुमच्याकडे तासन्‌तास नीट चालायला हवा.

तुम्ही दिलेला सर्वांत मोलाचा तपशील म्हणजे ‘पंधरा-वीस मिनिटांनी’ हा आहे. जे कार्ड मुळातच अपुरे आहे, ते पहिल्या मिनिटापासून अपुरे असते. वेळ गेल्यावर सुरू होणाऱ्या त्रासामागे बहुधा उष्णता असते, नाहीतर हळूहळू भरत जाणारी मेमरी असते, आणि या दोहोंतला फरक ओळखण्याचा एक बिनखर्चाचा मार्ग आहे. गेम अडखळू लागला की तो पूर्ण बंद करा आणि पीसीला थंड होऊ न देता लगेच पुन्हा सुरू करा. पुन्हा पंधरा-वीस मिनिटे सुरळीत गेली, तर मेमरी भरत होती असे समजा, कारण गेम बंद केल्यावर ती रिकामी झाली. दोन-चार मिनिटांतच अडखळणे परत आले, तर दोष उष्णतेचा आहे, कारण तापलेला धातू एवढ्या वेळात निवत नाही. त्यानंतर केबिनेटची बाजूची पत्री काढून समोर टेबल फॅन लावा आणि तोच गेम खेळा. फरक पडला, तर तपासाची दिशा जवळपास ठरलीच.

हे करण्याआधी मात्र तुमच्या महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवून घ्या. मूळची हार्ड डिस्क इतक्या वर्षांची आहे आणि वरचेवर अचानक वीज तुटत असेल तर तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडून ०५, सी५, सी६ आणि सी७ या चार ओळी पाहा. तिथले आकडे षोडशमान पद्धतीत दिसतात, म्हणून घाबरून जाऊ नका. शून्य आहे की नाही एवढेच आधी बघायचे. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बाजूला काढलेले सेक्टर, आणि सी५ म्हणजे जे वाचताना डिस्क अडते आहे पण अजून बाजूला काढलेले नाहीत असे सेक्टर. सी६ म्हणजे वाचताच न आलेले सेक्टर. सी५ शून्याहून जास्त असेल, तर गेममधले काही झटके थेट तिथून येत असण्याची शक्यता असते, कारण असा सेक्टर वाचायला डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि तोवर गेम ताटकळतो. सी७ वाढत असेल, तर डिस्क बहुधा ठीक आहे, दोष साटा केबलचा आहे; केबल बदला. सी७ चा आकडा नंतर कमी होत नाही, फक्त वाढायचा थांबतो, आणि तो थांबला की काम झाले.

आता पीसी रीस्टार्ट होण्याकडे वळू. विंडोजमधला इव्हेंट व्ह्यूअर उघडा, त्यात ‘सिस्टम’ हा विभाग पाहा. कर्नल-पॉवर ४१ ही नोंद तिथे नक्की सापडेल. ती पाहून एसएमपीएस गेला असा निष्कर्ष पुष्कळ जण काढतात, पण ही नोंद कारण सांगतच नाही. मागच्या वेळी विंडोज नीट बंद झाले नव्हते एवढेच ती सांगते. तिच्या तपशिलात बगचेककोड हा आकडा असतो. तो शून्य नसेल, तर विंडोज निळ्या पडद्यावर कोसळले होते आणि रॅम, ड्रायव्हर किंवा डिस्क यांच्याकडे पाहायला हवे. तो शून्य असेल, तर विंडोजला काही नोंदवायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे वीज तुटली किंवा अतिउष्णतेमुळे बोर्डाने स्वतःच पुरवठा तोडला, असे समजून पुढे जाता येते. याच यादीत व्हीया-लॉगरच्या (WHEA-Logger) नोंदी असतील तर हार्डवेअरकडून आलेली चूक आहे. डिस्कच्या ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी असतील, तर वरच्या परिच्छेदाकडे परत जा. ‘डिस्प्ले ४१०१’ अशी नोंद असेल, तर ग्राफिक्स ड्रायव्हर गोठून पुन्हा उभा राहिला होता.

यानंतर मोजमाप. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारे रिव्हाट्यूनर बसवा. तुमचे कार्ड एमएसआयचे नसले तरी ते चालते. खेळताना पडद्याच्या कोपऱ्यात कार्डाचा वापर, कार्डाचा क्लॉक, कार्डाचे तापमान, व्हिडिओ मेमरी, चारही कोअरचा स्वतंत्र वापर, प्रोसेसरचा क्लॉक व तापमान, रॅम, आणि फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा, आलेख एवढे दिसू द्या. सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) पाहून काहीच कळत नाही. ६० एफपीएस म्हणजे प्रत्येक फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. एका सेकंदात ५५ फ्रेम प्रत्येकी १२ मिलिसेकंदांत आल्या आणि एक फ्रेम ३४० मिलिसेकंद अडकली, तरी आकडा ५६ दिसेल, आणि हाताला मात्र सणसणीत झटका जाणवेल. म्हणून आलेखाची रेघ पाहा. ती सपाट असेल तर गेम गुळगुळीत वाटतो, मग एफपीएस ४५ का असेना. तिच्यावर उंच सुळके उठत असतील, तर प्रत्येक सुळक्याच्या क्षणी बाकीचे आकडे काय करत होते ते बघायचे. निदान तिथेच होते.

कार्डाचा वापर ९७ ते ९९ टक्के आणि रेघ सपाट, असे दिसले तर कार्ड पूर्ण क्षमतेने आणि नीट काम करते आहे. मग सावल्या, गवत, अँटी-अलायझिंग कमी करा. कार्डाचा वापर ५०-६० टक्क्यांवर घसरला आणि त्याच वेळी चारही कोअर शंभराला टेकले, तर प्रोसेसर कमी पडतो आहे, आणि तिथे रिझोल्यूशन कमी करून उपयोग होणार नाही. गर्दीची घनता आणि दृश्याचे अंतर कमी करावे लागेल. कार्ड आणि प्रोसेसर दोघेही निवांत आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्के, तर गेम हार्ड डिस्कची वाट पाहत बसला आहे. व्हिडिओ मेमरी ४ जीबीच्या काठाला लागली असेल, तर टेक्श्चर एक पायरी खाली आणा. ही शेवटची गोष्ट तुमच्या बोर्डावर विशेष लागू होते. एच८१ वरील कार्डाचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस २.० चा असतो, म्हणजे सोळा लेन (डेटा जाण्याच्या वाटा) मिळूनही सेकंदाला सुमारे ८ जीबी. कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा वेग सेकंदाला ११२ जीबी आहे. कार्डात न मावलेले टेक्श्चर मुख्य रॅममधून या अरुंद वाटेने आणावे लागते, आणि तुमच्याकडे रॅमही एकाच चॅनेलवर चालते आहे.

तुमच्या वर्णनावरून मला सर्वांत जास्त संशय प्रोसेसरच्या कूलरचा आहे. आय५-४४६० चा मूळ वेग ३.२ गीगाहर्ट्‌झ आहे. खेळताना, म्हणजे भार असताना, तो ३.२ च्या खाली उतरत असेल, तर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कापतो आहे. एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर ‘सेन्सर्स ओन्ली’ प्रकारात उघडून मागे चालू ठेवा. थर्मल थ्रॉटलिंगच्या ओळीसमोर ‘यस’ आले, तर शंकेला जागा उरत नाही. या प्रोसेसरची वरची सीमा १०० अंशांच्या आसपास आहे, पण ८५ च्या पुढे सतत राहणे मला मान्य नाही. आणि इथे अकोल्याची हवा हिशेबात घ्यावी लागते. कूलर कोणताही असो, तो प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त दोहोंतला फरक मर्यादित ठेवतो. हा फरक ५० अंशांचा असेल, तर जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७५ वर राहील आणि मे महिन्यात ४२ अंशांच्या खोलीत तोच ९२ वर जाईल. हिवाळ्यात न दिसणारा दोष उन्हाळ्यात दिसतो तो असा.

साफसफाई करताना वरवर ब्लोअर मारून भागत नाही. धुळीचा थर पंख्याच्या पात्यांवर कमी आणि पंख्याखाली, अ‍ॅल्युमिनियमच्या पापुद्र्यांच्या तोंडाशी जास्त बसतो, आणि तो वाळलेल्या घोंगडीसारखा सलग असतो. वरून हवा मारली की तो आणखी आत दाबला जातो. म्हणून कूलर काढूनच घ्यावा. पीसी दहा मिनिटे चालवून मग बंद करा, प्लग काढा, म्हणजे सुकलेली पेस्ट जरा सैल झालेली असते. इंटेलच्या मूळ कूलरला चार काळ्या पुश-पिन असतात. प्रत्येकीच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो, त्या दिशेने पाव वळसा दिला की ती सुटते. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, कारण मोकळा पंखा वाऱ्याने भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग खराब करतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापडाने पूर्ण पुसा आणि नवी पेस्ट मधोमध वाटाण्याच्या दाण्याएवढी ठेवा. पसरवत बसू नका, कूलरच्या दाबाने ती पसरते.

खरी चूक पुढच्या पायरीला होते. पिन परत बसवण्याआधी चारही डोकी बाणाच्या उलट दिशेने मूळ जागी वळवून घ्यायला हवीत. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन पिन एकाच वेळी दाबा, नंतर उरलेल्या दोन. प्रत्येकीचा ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. एवढ्यावर विश्वास न ठेवता बोर्डाची मागची बाजू टॉर्च लावून पाहा. चारही भोकांतून पांढरी दुभंगलेली टोके बाहेर आलेली आणि त्यांच्या मधोमध काळी पिन शिरलेली दिसली, तरच कूलर बसला असे म्हणता येते. तीन पिन बसलेल्या आणि चौथी नुसती टेकलेली, असा कूलर हाताला घट्ट लागतो, पीसी सुरूही होतो, आणि प्रोसेसर मात्र भार येताच नव्वदी गाठतो. दुकानातून ‘पेस्ट बदलून’ आलेल्या पीसीतही ही अवस्था आढळते, त्यामुळे अलीकडे सर्व्हिसिंग झाले असेल तरी ही तपासणी गाळू नका.

ग्राफिक्स कार्डाचे तापमान त्या मानाने सोपे आहे. १०५० टीआय हे केवळ ७५ वॅटचे कार्ड आहे. पंखा फिरत असेल आणि पापुद्रे स्वच्छ असतील, तर ते साधारणपणे ८० च्या खाली राहते. पंखा कुरकुरत असेल किंवा उशिरा सुरू होत असेल, तर पंखा बदलून मिळतो, कार्ड बदलावे लागत नाही. केबिनेटची पाठ भिंतीला चिकटलेली असेल किंवा ते टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेले असेल, तर ते बाहेर काढा. मागच्या बाजूला हवा बाहेर फेकणारा एक १२० मिलिमीटरचा पंखा नसेल तर तो बसवा. इतक्या कमी पैशांत याहून मोठा फरक पाडणारी वस्तू मला माहीत नाही.

आता एसएमपीएस. त्याच्यावर छापलेल्या ४५० वॅटकडे दुर्लक्ष करा आणि लेबलवर +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचा. केबिनेटसोबत येणाऱ्या स्वस्त एसएमपीएसवर तिथे समजा १६ अँपिअर असेल, तर १२ व्होल्टवर मिळणारी शक्ती १९२ वॅटच झाली. प्रोसेसर ८४ वॅट, कार्ड ७५ वॅट, त्यावर बोर्ड, डिस्क आणि पंखे. हे सगळे जवळपास १२ व्होल्टवरच चालते आणि बेरीज २०० च्या घरात जाते. नवा असताना असा एसएमपीएस कसाबसा निभावतो. वर्षानुवर्षे तापून आतले कपॅसिटर म्हातारे झाले की तो भार अचानक वाढण्याच्या क्षणी कोलमडतो, आणि गेममध्ये भार क्षणाक्षणाला वर-खाली होतच असतो. मल्टिमीटर असेल, तर मोकळ्या मोलेक्स कनेक्टरच्या पिवळ्या आणि काळ्या तारेवर गेम चालू असताना व्होल्टेज पाहा. ११.४ ते १२.६ ही मान्य मर्यादा आहे. भार येताच ११.५ च्या आसपास घसरणारा एसएमपीएस मी बदलायलाच सांगतो. क्षणभराची घसरण मल्टिमीटर पकडत नाही, म्हणून आकडा चांगला आला तरी एसएमपीएस निर्दोष ठरत नाही. खात्रीचा उपाय म्हणजे ओळखीच्या कोणाचा चांगला एसएमपीएस एका दिवसासाठी लावून पाहणे. एसएमपीएस स्वतः उघडू मात्र नका; प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये विजेचा जीवघेणा दाब शिल्लक असतो.

तुमचे कार्ड बहुधा वेगळ्या पॉवर केबलशिवायचे आहे. अशी कार्डे आपली सगळी वीज स्लॉटमधून, म्हणजे पर्यायाने २४ पिनच्या मुख्य केबलमधून घेतात. तो कनेक्टर काढून पिवळ्या तारांच्या टोकांचे प्लॅस्टिक तपकिरी झाले आहे का ते पाहा. झाले असेल, तर तिथे संपर्क ढिला होऊन जळतो आहे.

पीसी यूपीएसवर चालत असेल, तर त्याचीही परीक्षा घ्यायला हवी आणि ती नेहमी राहून जाते. बॅटरी संपलेला यूपीएस वीज असताना सगळे ठीक दाखवतो. उन्हाळ्यात संध्याकाळी वस्तीत एसी आणि कूलर एकदम सुरू झाले, विजेचा दाब खाली गेला, की यूपीएस क्षणभर बॅटरीवर जाऊ पाहतो, बॅटरी साथ देत नाही आणि पीसी रीस्टार्ट होतो. तुमचे रीस्टार्ट ठराविक वेळीच होतात का हे लिहून ठेवा. काही दिवस पीसी थेट भिंतीच्या सॉकेटवर चालवा. रीस्टार्ट थांबले, तर यूपीएसची बॅटरी बदलून प्रश्न मिटेल.

कार्ड दोषी आहे की नाही हे पाहण्याचीही सोपी सोय तुमच्याकडे आहे. आय५-४४६० मध्ये स्वतःचे ग्राफिक्स आहेत. कार्ड काढून मॉनिटर बोर्डाच्या पोर्टला जोडा आणि दोन-तीन दिवस नेहमीची कामे व एखादा हलका गेम त्यावर चालवा. तरीही रीस्टार्ट होत राहिला, तर कार्ड या आरोपातून सुटले. रीस्टार्ट थांबले, तर मात्र लगेच कार्डाला दोष देऊ नका, कारण कार्ड काढल्याने एसएमपीएसवरचा ७५ वॅटचा भारही कमी झालेला असतो. ही चाचणी निर्दोष ठरवायला चालते, दोषी ठरवायला चालत नाही. कार्ड परत बसवल्यावर मॉनिटरची केबलही परत कार्डावर लावायला विसरू नका.

रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी टोकांवरून साधा पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कण झटका आणि ती दुसऱ्या स्लॉटमध्ये घट्ट बसवा. कोकणात दमट हवेमुळे हा उपाय वारंवार करावा लागतो. तुमच्याकडे हवा कोरडी असली तरी धूळ आहेच. मग पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ घेऊन रात्रभर तपासणी लावा. त्यात एकही चूक चालत नाही. तारीख-वेळ आपोआप मागे जात असेल, तर बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी संपली आहे. ती संपली की बायोसच्या सेटिंग मूळ पदावर जातात, आणि काही बोर्डांवर डिस्कची पद्धत एएचसीआयऐवजी आयडीई होऊन विंडोज सुरूच होत नाही. अशा वेळी विंडोज नव्याने टाकण्याआधी ती सेटिंग पाहावी.

सॉफ्टवेअरबद्दल फार सांगण्यासारखे नाही. दोन अँटीव्हायरस असतील तर एक काढा, खेळताना ब्राउझर बंद ठेवा, रेकॉर्डिंग आणि ओव्हरले बंद करा. ग्राफिक्स ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयू (ड्रायव्हर मुळापासून काढणारे सॉफ्टवेअर) वापरून पूर्ण पुसा आणि नव्याने टाका. एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर तुमच्या पिढीच्या कार्डांसाठी गेम रेडी ड्रायव्हर काढणे थांबवले आहे. पुढे फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत, म्हणून दर महिन्याला नवा ड्रायव्हर शोधण्यात अर्थ नाही. ‘गेम बूस्टर’ नावाची सॉफ्टवेअर, रजिस्ट्री साफ करणारी सॉफ्टवेअर यांना हात लावू नका. नव्या भागात पहिल्यांदा गेल्यावर झटका बसतो आणि दुसऱ्यांदा बसत नाही, असे नव्या गेममध्ये होत असेल, तर तो शेडर तयार होण्याचा वेळ आहे, बिघाड नाही.

एवढे झाल्यावर, यंत्र स्थिर झाल्यावर, मर्यादांवर खर्च करायला हरकत नाही. त्यात पहिला क्रम मी निर्विवादपणे साटा एसएसडीला देतो. ७२०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कला एक फेरी पूर्ण करायला ८.३ मिलिसेकंद लागतात, त्यात डोके हलण्याचा वेळ मिळवला की सेकंदाला विखुरलेली शंभरएक वाचने झाली तरी पुष्कळ. एसएसडी अशी हजारो वाचने करते. मोकळ्या नकाशाच्या गेममध्ये गाडी वेगात असताना रस्ते, इमारती सतत डिस्कवरून येत असतात, त्यामुळे तिथले झटके एसएसडीने प्रकर्षाने कमी होतात, सरासरी एफपीएस मात्र फारसा वाढत नाही. एच८१ बोर्डावर चारपैकी दोनच पोर्ट ६ गीगाबिटचे असतात. एसएसडी त्यांतल्या एकावर लावा. एनव्हीएमई (साटाऐवजी पीसीआय एक्सप्रेसवर चालणारी एसएसडी) घेऊ नका, या बोर्डावर ती बसवण्याचा खटाटोप फळत नाही.

दुसरा क्रम रॅमचा. ८ जीबीची आणखी एक पट्टी लावली की क्षमता १६ जीबी होतेच, शिवाय दोन चॅनेल चालू होऊन मेमरीचा वेग १२.८ वरून २५.६ जीबी प्रतिसेकंद होतो. याचा परिणाम प्रोसेसर कमी पडण्याच्या क्षणी सर्वांत जास्त दिसतो. बाजारात अतिशय स्वस्त अशा ८ जीबीच्या डीडीआर३ पट्ट्या मिळतात, ज्या फक्त एएमडी बोर्डांवर चालतात आणि विकताना ते नेहमी सांगितले जाते असे नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणा नाहीतर ऑनलाइन मागवा, इंटेल बोर्डावर चालेल आणि न चालल्यास परत घेतली जाईल, हे लेखी घेऊनच पैसे द्या.

प्रोसेसर बदलायचा असेल, तर वापरलेला आय७-४७७० किंवा आय७-४७९० याच सॉकेटमध्ये बसतो. कोअर चारच असतात, पण थ्रेड आठ होतात आणि नव्या गेममधले प्रोसेसरचे सुळके बरेच बसतात. आय५-४४६० ही हॅस्वेल या चौथ्या पिढीची सुधारित आवृत्ती आहे आणि ती तुमच्या बोर्डावर चालते आहे, म्हणजे ४७९० साठी लागणारे बायोस आधीच आहे. ४७९०के घेऊ नका. एच८१ च्या साध्या बोर्डावर त्याचा पूर्ण फायदा मिळत नाही. या पिढीत काही नव्या गेमना लागणारे एव्हीएक्स२ आदेश आहेत, तिसऱ्या पिढीत नाहीत, म्हणून तुमचा बोर्ड अजून काही काळ ठेवण्याजोगा आहे असे मी मानतो.

कार्ड सर्वांत शेवटी, आणि तेही स्लॉट लक्षात ठेवून. आरएक्स ६४०० आणि आरएक्स ६५०० एक्सटी ही कार्डे नवी आणि तुलनेने स्वस्त असली, तरी ती चारच लेन वापरतात. पीसीआय एक्सप्रेस २.० वर त्यांना सेकंदाला जेमतेम २ जीबीची वाट मिळते आणि ४ जीबी मेमरी भरली की ती गुदमरतात. इंटेलच्या आर्क कार्डांना नीट चालायला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो, तो तुमच्या बोर्डावर नाही. सोळा लेनचे जीटीएक्स १६५० चालेल, पण १०५० टीआय वरून तिथे जाऊन खर्चाच्या मानाने फार हाती लागत नाही. त्याहून मोठे कार्ड घेतले, तर आधी चांगला एसएमपीएस घ्यावाच लागेल. वापरलेले कोणतेही कार्ड घेताना विक्रेत्यासमोर जीपीयू-झेड उघडा. जुन्या कार्डावर नवे नाव चढवून विकण्याचे प्रकार होतात, आणि हे सॉफ्टवेअर तसे बरेच बनाव ओळखून नावापुढे ‘फेक’ लिहिते.

एक गोष्ट खर्चाच्या हिशेबात धरा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत चौथ्या पिढीचे प्रोसेसर नाहीत. विस्तारित सुरक्षा योजनेत नाव नोंदवले, तर घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत दुरुस्त्या मिळतात. काही ऑनलाइन स्पर्धात्मक गेम सिक्युअर बूट किंवा टीपीएम या बोर्डावरच्या सुरक्षेच्या सोयी मागतात, काही नव्या गेमना हार्डवेअर रे ट्रेसिंग अनिवार्य आहे. असे बरेचसे गेम या यंत्रावर नुसत्या दुरुस्तीने चालणार नाहीत. म्हणून एसएसडी आणि चांगला एसएमपीएस, म्हणजे पुढच्या पीसीतही वापरता येतील अशा वस्तू, यांवर मोकळ्या हाताने खर्च करा. डीडीआर३ रॅम आणि आय७ वर बेताने, आणि तेही वापरलेले मिळाले तरच.

कूलर पुन्हा बसवून झाल्यावर दुपारच्या उन्हाच्या वेळी अर्धा तास खेळा आणि त्या वेळची एचडब्ल्यूइन्फोची नोंद-फाइल, एसएमपीएसच्या लेबलचा फोटो आणि क्रिस्टलडिस्कइन्फोचा स्क्रीनशॉट पाठवा. त्यात प्रोसेसरचा कमाल आकडा ८५ च्या आत आणि क्लॉक ३.२ च्या वर राहिलेला असेल आणि तरीही रीस्टार्ट होत असेल, तर पुढचा तपास एसएमपीएसपासून सुरू करू.